भोंग्याला हवा होता ढोल

भोंगे आपापसांत बोलायचे त्या काळी एका जत्रेतल्या भोंग्याला घडीभर चैन पडत नसे. आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर त्याला फक्त मधले सूर द्यायचा. ढोलाचा घुमारा जायचा मोठ्या वूफरकडे.

“मलाही खालचे सूर दे,” भोंग्यानं टुमणंच लावलं. “ढोल वाजला की माणसं नाचतात. माझ्याकडे कोण बघतं?”

“तुझं तोंड लहान, पडदा नाजूक. पेलायचं नाही तुला,” क्रॉसओव्हर म्हणाला. पण कटकटीला कंटाळून त्यानं एकदाची सुरांची हद्द खाली सरकवली.

ढोल घुमला आणि भोंग्याचा पडदा थडथडू लागला. तेवढ्यात एक बाप धापा टाकत माइकपाशी आला. “कौशे, कुठं आहेस गं? मांडवापाशी ये!”

भोंग्यातून नुसती खरखर निघाली. बाप पुन्हा ओरडला, रडवेला होऊन.

“काढून घे!” भोंगा कळवळला. “ढोल काढून घे माझ्यातून, लवकर!”

हद्द वर गेली. पुढची हाक गर्दीच्या टोकापर्यंत लख्ख पोचली.

चिमुरडी कौशी पळत आली. घुमणाऱ्या वूफरकडे तिनं पाहिलंही नाही. भोंग्याखाली उभी राहून, मान वर करून तिनं विचारलं, “आबा, तुम्ही आत कसे गेलात?”