ओढ्याला दिलेले औषध

एका जंगलात, ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या डोहाकाठी, एक पाणमांजरी आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. मुलांनो, तिला एक खोड होती. दिसेल त्यात नाक खुपसायचे आणि "हे असं का?" म्हणून समोरच्याला भंडावून सोडायचे. ओढ्याच्या वरच्या अंगाला अस्वलवैद्याची गुहा होती. तो एका सालीचा कडूजहर काढा करी, त्याने चिघळलेल्या जखमा भरून येत. उरलेला काढा मात्र ओढ्यात ओतायची तिथली रीत होती. "खालच्यांनाही थोडा गुण येऊ दे," असे म्हणत आजारी प्राणीसुद्धा आपल्या वाट्या ओढ्यातच विसळत. मने मोठी होती बिचाऱ्यांची!

एकदा पिल्लाच्या पायात काटा मोडला. जखम चिघळली, पिल्लू तापाने फणफणले आणि काढ्याचा काही उपयोग होईना. पाणमांजरी घाबरली, तरी तिचे प्रश्न काही थांबेनात. "वैद्यबुवा, वरच्या सशाला याच काढ्यानं बरं वाटलं. मग आम्हा डोहातल्यांनाच का नाही?" वैद्य म्हणाला, "जखम चिघळते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. तुमच्याकडचे जंतू काढ्याला दाद देईनासे झालेत, बाई. का, ते मलाही कळत नाही. आता दुसरं औषध म्हणून एका झाडाची मुळी तेवढी उरलीय. तीही अशीच निकामी झाली, तर मी पुढे कुणाला काय देऊ?"

पाणमांजरी तडक ओढ्यात उतरली आणि जागोजागी पाणी चाखू लागली. गुहेच्या वर पाणी गोड, गुहेच्या खाली मात्र किंचित कडू! "अहो, तुमचा काढा रोज आमच्या डोहात येतोय," ती ओरडली. "जंतू मरावेत इतका नाही, सवय व्हावी इतकाच!" वैद्याचा चेहरा उतरला. "मग मुळीचंही तेच होणार. पिल्लाच्या मुतातूनही ती ओढ्यातच जाणार. हा कडूपणा काढायची युक्ती सापडेपर्यंत मुळी उगाळायला माझा हात धजावत नाही."

ओढ्यातला एक खेकडा हे ऐकत होता. तो म्हणाला, "एवढंच ना? माझ्या वाळूतून गाळून घे." पाणी गाळून निघाले, अगदी नितळ. पाणमांजरीने चाखले. कडूच! ती तशीच काठाकाठाने हुंगत निघाली. गुहेच्या खालच्या बाजूला, वणव्यात जळालेल्या उतारावर कोळशाने भरलेला एक खड्डा होता, त्यात ओढ्याचे पाणी झिरपत होते. ते मात्र गोड लागले. "हे असं का?" तिने कोळसा दाताने फोडला, उन्हात धरून न्याहाळला. बारीक बारीक भोकेच भोके! कडूपणा इथेच चिकटून बसत असणार, असे तिने ताडले आणि धावतच वैद्याला गाठले.

दोघांनी गुहेपाशी चर खणला आणि कुटलेल्या कोळशाने भरला. पिल्लाला तिथेच ठेवून वैद्याने त्याला मुळी उगाळून पाजली. धुतलेले, सांडलेले, मुतलेले सगळे पाणी आता त्या चरातून जाऊ लागले. चराच्या टोकाशी बसून पाणमांजरी पाणी चाखत राही. पिल्लाचा ताप उतरला, पाय बरा झाला, आणि तिने त्याला इतके चाटले की ते वैतागले. पुढे चरातले पाणी पुन्हा कडू लागले. "हा कोळसा ओढ्यात टाकून नवा भरू," खेकडा म्हणाला. "छे! कडूपणा त्याच्यातच तर आहे," म्हणत पाणमांजरीने तो वैद्याच्या भट्टीत जाळायला लावला.

बऱ्याच काळाने डोहाकडची एक हरिणी चिघळलेली जखम घेऊन आली. काढा लागू पडला नाही. वैद्याने मुळी उगाळून पाजली. सकाळी सूज ओसरलेली पाहून तो आनंदाने रडू लागला. मुळी अजून चालत होती.

तात्पर्य : वाहत्या पाण्यात मिसळलेले औषध रोगाला मारत नाही, त्याला धीट करते, म्हणून पाणी नितळ दिसले तरी त्यातले औषध काढल्यावाचून ते पुढे सोडू नये.