काट्याच्या लेखण्या

या रानात पान हललं तरी सर्वांत आधी मला कळतं. आता पान हलतं ते बहुतेक वेळा मीच फांदी हलवल्यामुळे, ही गोष्ट वेगळी. आम्हां वानरांत मी शिकलेला, म्हणजे दोन इयत्ता; तिसरीत गुरुजींच्या आसनावर खाजकुयली पसरली आणि विद्येचा नि माझा संबंध संपला. तेव्हापासून मुक्काम उंबरावर. खालून जाणाऱ्याच्या टाळक्यात कच्चं उंबर टाकायचं आणि पाठ खाजवत बसायचं. त्यासाठी एक झकास काडी आहे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. झाडाखालीच सापडली.

तर रानाची स्थिती अशी, की पिल्लांपेक्षा पिल्लांचे रक्षक जास्त झाले होते. बगळा वैद्य दुखणी पाहायचे, पोपट गुरुजी शिकवायचे, मुंगूस हवालदार गस्त घालायचे. तिघांनी एकविचाराने काम करावं म्हणून संयुक्त रक्षण मंडळ निघालं. अध्यक्ष कासव झाले, कारण त्यांच्या हातून घाईचा निर्णय होण्याची भीती नव्हती.

वणव्यात आई गेलेलं भुरकी नावाचं सशाचं पिल्लू मंडळाने साळिंदराकडे सांभाळायला दिलं. त्याचं बीळ याच उंबराच्या मुळाशी. ‘बीळ कोरडं, दार भक्कम,’ असा शेरा मारून मंडळी परतली. भुरकी कशी आहे, हा रकानाच नव्हता.

महिन्याभरात भुरकी लंगडत वैद्यांकडे आली. वैद्यांनी मांडीतून काटा उपसला, काळा-पांढरा, गुळगुळीत, टोकदार. सहज जांभळाच्या रसात बुडवून पाहिला, तर काय सुरेख चालतो! त्याच लेखणीने त्यांनी लिहिलं : ‘एक काटा. काढला.’

मग शाळेत तिला बसवेना. गुरुजींनी पाठीतून काटा काढला, कानामागे खोवला आणि नोंद केली : ‘बसण्याची शिस्त नाही.’ हवालदार रडणं ऐकून बिळाशी गेले. साळिंदराने रताळं पुढे केलं. खाऊन उठताना दारातला काटा उचलून त्यांनी लिहिलं : ‘आत शांतता.’

मंडळाचा नियम होता : एक काटा म्हणजे गळला असेल, दोन म्हणजे योगायोग, तीन सापडले तरच संशय. बैठकीत तिघे आपापल्या लेखण्या घेऊन बसले. भुरकीला मध्ये उभं केलं होतं. तेवढ्यात टिटवी ओरडत आली. तिला कोणी बोलावत नसे. तिचा आवाज इतिवृत्तात मावत नाही.

“अहो, तीन झाले की! तुमच्या हातातच आहेत!”

“बाई, प्रत्येक विभागाचे वेगळे मोजायचे असतात,” गुरुजी म्हणाले. “एकाच विभागाला तीन मिळायला हवेत.”

“माझा वैद्यकीय आहे,” बगळे म्हणाले. “तो शालेय काट्यात मिसळता येत नाही.”

“मग पोरगी माझ्याकडे द्या. माझ्यात काटा नाही.”

“आणि ठेवणार कुठे?” कासव मान बाहेर काढून म्हणाले. “उघड्या माळावर चार खडे मांडले की घर होतं का?”

ठराव एकमताने झाला : ‘कोणत्याही पिल्लास काटा टोचू नये.’ तिघांनी झोकदार सह्या केल्या. अध्यक्षांकडे मात्र लेखणी नव्हती, म्हणून अंमलबजावणी पुढच्या बैठकीवर गेली आणि भुरकी बिळाकडे. दारापाशी ती थांबली, वर पाहिलं. मी तिला हसवायला जीभ काढून दाखवली. हसली नाही. कुणाकुणाला विनोद कळत नाही.

पुढच्या बैठकीला अध्यक्षांकडेही लेखणी होती.

भुरकी डाव्या डोळ्यावर पाला बांधून आली होती. अध्यक्षांनी सही करायला घेतली. पहिलं अक्षर वळवून होईतो टिटवी तिला घेऊन निघूनही गेली. तेव्हा मंडळ पहिल्यांदा चपळाईने हललं : चार लेखण्या एकदम चालल्या आणि टिटवीवर विनापरवाना पिल्लू नेल्याचा ठपका लिहून झाला.

माळाची वाट उंबराखालून जाते. दोघी येताना दिसल्या. अशी संधी मी सोडतो होय?

“काय गं टिटवे,” मी वरून हाक मारली, “काय ही विद्वानांची चौकडी! चार चार काटे पंजात, आणि मोजता येईना. अगं, मी दोन इयत्ता शिकलेला. मलासुद्धा चारपर्यंत येतं!”

टिटवीने भुरकीला पंखाआड घेतलं आणि मान वर केली.

“पाच,” ती म्हणाली. “पाठ खाजवून झाली असेल, आजोबा, तर ती काडी खाली टाका.”