माठाचं ऐकणारा हौद

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात थंडी अशी पडायची, की घागरीतलं पाणी गोठायचं. तेव्हा गावकऱ्यांनी जमिनीखाली मोठा हौद बांधला आणि त्याला पेंढ्याची जाड गोधडी गुंडाळली. उतारावर लावलेल्या आरशांनी उन्हात तापवलेलं पाणी त्यात येऊन पडू लागलं.

वैशाख आला. कढत पाणी येतच राहिलं, पण कुणी थेंबभरही मागेना. हौद पुरता गोंधळला. गल्लीच्या टोकाच्या घरातल्या माठाला त्यानं विचारलं, "माठदादा, हे लोक मला भरतात तरी कशाला?"

माठाचा तोरा काय सांगावा! येणारा-जाणारा त्याच्याच पाण्याचं कौतुक करत होता. "तापून कसला बसतोस?" तो म्हणाला. "माझ्यासारखा पाझर जरा. गार झालास की तुलाही विचारतील."

हौदाला पटलंही आणि नाहीही. तरी त्यानं एका कडेची गोधडी सैल सोडली. उन्हाळाभर ऊब मातीत जिरत राहिली.

पौषात हौदातलं पाणी भिंतींतल्या नळांतून घरोघरी फिरू लागलं. भिंती उबदार झाल्या, लोक हौदाला दुवा देऊ लागले. हौद पुन्हा गोंधळला.

माघात मात्र ऊब टोकाच्या घरापर्यंत पोचेना. तिथली बाळंतीण चंद्राक्का बाळाला पदराखाली घेऊन म्हणाली, "अगं बाई, भिंत गार कशी पडली?"

कोपऱ्यात उपडा पडलेला माठ कळवळला. "हौदा, लेकरू गारठलंय रे! थोडी ऊब पाठव!"

"कुठून पाठवू, दादा?" हौद म्हणाला. "इथली ऊब तर मी वैशाखातच पाझरून टाकली. तूच म्हणालास ना?"