उकंडा बायकोला आणायला जातो

एका गावात उकंडा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा शब्द त्याची आई ऐकत असली तर वापरायचा. ती नसली की लोक दुसरा वापरायचे. अंगात रेड्याचं बळ, मन लोण्यासारखं, आणि आईने सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळायचं, एवढंच त्याला ठाऊक.

त्याची बायको वेणू अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली होती. तिकडची रीतच तशी. अखाजीला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, आणि सण सरला की जावयाने जाऊन त्यांना घेऊन यायचं. सण सरला. उकंड्याला घर खायला उठलं. भाकरी गोड लागेना, बैलांशी बोलणंही होईना. शेवटी आईच म्हणाली, "जाय बाप्पा, घेऊन ये तिले. पण ऊन लय हाय. खिशात कांदा ठेवजो, अन् सावली धरून चालजो. सावली सोडू नको!"

"हाव," उकंडा म्हणाला.

गावाबाहेर पडला तर सावलीचं नाव नाही. बाभळीसुद्धा उघड्याबोडक्या. तेवढ्यात कडब्याने लादलेली बैलगाडी आली. केवढी ऐसपैस सावली! उकंडा तिच्यात शिरला आणि चालू लागला. पुढे फाटा आला. सासुरवाडी डावीकडे, गाडी वळली उजवीकडे. उकंड्याचा जीव डावीकडे ओढ घेत होता, पण आईचा शब्द म्हणजे शब्द. तो उजवीकडे गेला.

बाजाराच्या गावात गाडीवान कडबा उतरवू लागला. सावली आखडत गेली. उकंडा आधी वाकला, मग बसला, मग गुडघे पोटाशी घेऊन चाकाला चिकटला.

"कोण बे तू?" गाडीवानाने विचारलं.

"मी सासुरवाडीले चाललो."

"गाडीखालून?"

संध्याकाळी त्याच गाडीने तो परत आला. आईने कपाळाला हात लावला. "अरे, चालती सावली कोणी धरते का? एका जागी उभी असन ते धरावं! चांगलं झाड पाहावं, बुंध्याले धरून बसावं, अन् आभाळ शांत झाल्याबिगर झाड सोडू नये."

"हाव," उकंडा म्हणाला.

पुन्हा निघाला. सकाळ बरी होती. दुपारी मात्र आभाळ काळवंडलं आणि असं वादळ सुटलं की धुळीत हाताला हात दिसेना. आभाळ काही शांत नव्हतं. उकंड्याने आंब्याचं एक दणकट झाड पाहिलं आणि त्याला घट्ट मिठी मारली. वरून कैऱ्या पडू लागल्या. एक टाळक्यात, एक पाठीत, एक नेमकी नाकावर.

झोपडीतून राखणदार ओरडला, "पय बे! फांदी येते खाली!"

"मायनं सोडू नको म्हटलं!"

फांदी आली. उकंडा टेंगळं मोजत घरी आला, तेही दोनदा रस्ता चुकून. आई हळद लावता लावता म्हणाली, "वारं सुटलं की झाडाखाली थांबतात का? मोकळ्या जागी जावं, जमिनीवर पालथं पडावं, आभाळ निवळेपर्यंत मुंडी वर करू नये!"

"हाव," उकंडा म्हणाला.

तिसऱ्या खेपेला सासुरवाडीची घरं दिसू लागली. वेणूच्या बापाचं वावर लागलं. इतक्यात अवकाळी पाऊस कोसळला. शेजारीच सासऱ्याचा गोठा होता, कोरडा ठणठणीत. पण उकंड्याने मोकळी जागा शोधली. नुकतंच नांगरलेलं वावर होतं. त्यात तो पालथा पडला. चिखल कानापर्यंत चढला.

डोक्यावर पोतं घेऊन सासरा गोठ्याकडे पळत होता. त्याचा पाय मऊशा कशाला तरी लागला.

"कोण पडलं हे? जवाईबापू?"

"आभाळ निवळलं का, मामाजी?" चिखलातून आवाज आला.

सासऱ्याचा संताप मात्र निवळला नाही. "समोर माहा गोठा हाय, दिसत नाही? शहाण्या माणसावानी, कोरडे, सोताच्या पायानं दारात या, तं पोरगी धाडीन. नाही तं राहू द्या तिले अठीच!"

हे मात्र उकंड्याला लागलं. घरी येऊन तो ढसाढसा रडला. आईलाही भरून आलं. पण बाहेर थेंब पडत होते आणि तिचे पापड खाटेवर होते. ते गोळा करता करता ती ओरडली, "पाऊस आला की पडत नसतात, पयतात! जे वाळत असन ते आधी उचलावं, चटकन घरी आणावं. कोणाशी बोलत उभं राहू नये!"

"हाव," उकंडा डोळे पुसत म्हणाला.

चौथ्या खेपेला तो पहाटेच निघाला. ना ऊन, ना वारा, ना पाऊस. कोरडा, धडधाकट, स्वतःच्या पायाने तो सासऱ्याच्या दारात उभा राहिला. सासरा खूश झाला. कैरीचं पन्हं आलं. नवं लुगडं नेसून, हातात पेटी घेऊन वेणू दाराच्या आत उभी होती आणि गालात हसत होती. उकंड्याला इतका आनंद झाला की पन्हं नाकात गेलं.

"घेऊन जा बापू, तुमचीच हाय," सासरा म्हणाला.

अंगणात जाड चादरीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. कावळे हाकता हाकता सासूबाई तिथेच कलंडल्या होत्या आणि घोरत होत्या.

टप. एक थेंब पन्ह्यात पडला. टप. दुसरा उकंड्याच्या नाकावर.

उकंड्याने पेला खाली ठेवला. चादरीची चारी टोकं धरली, करकचून गाठ मारली, गाठोडं पाठीवर टाकलं आणि धूम ठोकली. मागून सासरा ओरडत होता, वेणू ओरडत होती. थोड्या वेळाने गाठोडंही ओरडू लागलं. उकंडा कोणाशीच बोलत उभा राहिला नाही.

घरात शिरून त्याने दार लावलं. आई धावत आली. "आणलं का रे?"

"हाव! थेंब लागू नाही देल्ला."

त्याने गाठ सोडली. कुरडयांच्या चुऱ्यातून सासूबाई उठून बसल्या. केसांत कुरडया, कानांत कुरडया.

आईने वाकून पाहिलं. "अरे, ह्या तं विहीणबाई! वेणू कुठी हाय?"

"वेणूले कायले आणू, माय?" उकंडा म्हणाला. "ती तं घरात कोरडी उभी होती. वाळत ह्या होत्या!"