जवसाचं तेल आणि सिग्नेआजी

कोकणातल्या एका गावात रवळू नावाचा एक भोळा मेस्त, म्हणजे सुतार, राहत होता. भोळा हा शब्द माझा. गावाचा शब्द वेगळा होता, तो पोरांसमोर लिहवत नाही. लाकडाची खेळणी मात्र तो अशी करायचा की त्याच्या लाकडी बैलापुढे पोरं गवत टाकायची. अडचण एकच होती. रवळूला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेच करायचा, आणि कुठेही करायचा.

लांब स्वीडन नावाच्या थंड देशात एक संस्था होती. सुरी, लाकूड, लोकर, हातमाग ही हाताची कामं मरू नयेत म्हणून ती शिष्यवृत्त्या द्यायची. रवळूचा बैल कुणीतरी तिकडे धाडला. मग फोनवर मुलाखत झाली.

"तुम्हाला स्वीडनला का यायचंय?"

"माका खंय येवचा आसा? तुमीच बोलवतास."

इतका प्रामाणिक उमेदवार त्यांना आजवर मिळाला नव्हता. निवड झाली.

अट अशी होती. काही महिने शिकायचं, मग समिती येऊन बघणार. पसंत पडला तर पूर्ण वर्ष शिकवणार, शिवाय गावातला बंद पडलेला खेळण्यांचा कारखाना उघडायला अवजारं देणार. नापसंत पडला तर घरी. रवळूची बायको शेवंती त्या कारखान्याचं कुलूप रोज पुसायची. निघताना ती एवढंच म्हणाली, "थंय लोक सांगतीत तसाच कर. आपला डोक्या चालव नको."

"बरा," रवळू म्हणाला. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

शाळा बर्फात होती. शिकवायला बिर्गिटबाई होत्या. आणि तिथेच, दुसऱ्या एका शिष्यवृत्तीवर, पुण्याची मृणाल स्वीडिश संस्कृतीचा अभ्यास करत होती. तिकडचे लोक कसे वागतात यावर तिचा प्रबंध चालला होता. रवळूला समजावून सांगायचं काम तिच्या गळ्यात पडलं आणि प्रबंध जिथल्या तिथे थांबला.

पहिल्याच दिवशी रवळूने कामाच्या खोलीबाहेर बूट काढले, देवळाबाहेर काढतात तसे. आत जाऊन अनवाणी उभा राहिला आणि कुऱ्हाडीने ओंडका फोडायला लागला. बिर्गिटबाई किंचाळल्या.

मृणाल धावत आली. "अहो रवळूदादा, जिथे कुऱ्हाड असेल तिथे बूट काढायचे नाहीत!"

"आता कळला, ताई."

रविवारी बिर्गिटबाईंनी सगळ्यांना घरी कॉफीला बोलावलं. सगळ्यांनी दारात बूट काढले. रवळूने आधी आत डोकावून पाहिलं. शेकोटीपाशी सरपण फोडायची छोटी कुऱ्हाड होती. तो बुटांसकट आत गेला. हाताने विणलेल्या गालिच्यावर बर्फाचा चिखल झाला.

मृणालने कपाळाला हात लावला. "अहो, पांढरं दिसलं की ते आधी दाराबाहेर झटकायचं आणि मग आत यायचं!"

"आता कळला, ताई."

पुढच्या रविवारी त्याला बेकरीतून केक आणायला पाठवलं. केकवर बोटभर क्रीम होतं. रवळूने दाराबाहेर उभं राहून केक चांगला झटकला. उलटा करूनही झटकला. आत आला तेव्हा खोक्यात एक चेरी उरली होती. ती लाल होती ना.

"अहो, असं काही आलं की ते बशीत घालायचं!" मृणाल म्हणाली. "सुरीने सारखे तुकडे करायचे, प्रत्येकाला एक द्यायचा. मोठ्या माणसाला चांगला तुकडा!"

"आता कळला, ताई."

मग बिर्गिटबाईंनी एक दिवस वर्गात एक पट्टा आणला. त्यांच्या पणजीने स्वतःच्या लग्नासाठी विणलेला. लाल-निळ्या लोकरीचा, टोकाला पणजीचं नाव. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि भिंग आणायला गेल्या. परत आल्या तर प्रत्येक विद्यार्थ्यापुढे बशी होती आणि बशीत पट्ट्याचा तुकडा. पणजीचं नाव असलेला तुकडा बाईंच्या बशीत होता. शेवटी मोठ्या माणसाचा मान असतो. तुकडे तंतोतंत सारखे होते, हे बाईंनीही पुढे कबूल केलं.

त्या दिवशी मात्र त्या रडल्या. ते बघून रवळूलाही रडू कोसळलं. बिचाऱ्याने सांगितलेलं एकही काम चुकवलं नव्हतं.

मृणालचा आवाज चढला. "जुन्या वस्तूला हात लावायचा नाही! काचेच्या कपाटात ठेवायची, कुलूप घालायचं, चिठ्ठी लावायची, बास! आणि उद्या समिती येतेय. उद्या काही झालं तर अवजारं विसरा. वहिनींना काय तोंड दाखवाल?"

शेवंतीचं नाव निघताच रवळूने डोळे पुसले. "उद्या काय्येक चुकाचा नाय, ताई. आता नीट कळला."

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष होत्या सिग्नेआजी. नव्वदी उलटलेल्या, पाठ ताठ, शिष्यवृत्ती त्यांनीच सुरू केलेली. शेवटचा शब्द त्यांचा. त्यांचे पांढरेशुभ्र केस बघून रवळूचे हात झटकायला शिवशिवले, पण तो धडा जुना झाला होता.

"ताई, आजी किती जुनी?"

"या शाळेपेक्षाही जुनी," मृणाल हसत म्हणाली. हसायला नको होतं.

बाकीचे कोट काढत होते. रवळूने आजींना हात लावला नाही. नुसता कमरेत वाकून रस्ता दाखवत गेला. शाळेच्या प्रदर्शनाच्या दालनात नवरीचा जुना पोशाख ठेवायचं काचेचं मोठं कपाट होतं. रवळूने पोशाख हात न लावता काठीने बाहेर काढला, आत स्टूल ठेवलं, दार उघडून धरलं. आजींना वाटलं लिफ्ट आहे. त्या आत गेल्या.

समिती दालनात आली तेव्हा एका सदस्याने चष्मा चढवून कपाटावरची मराठी चिठ्ठी निरखली. चिठ्ठीत होतं, 'आजी. जुनी. हात लावू नये.' मग त्याने वर पाहिलं.

कुलूप उघडलं. आजी लाल होऊन बाहेर आल्या. "मी अजून वापरात आहे! चांगली वस्तू काचेत ठेवली की मरते. ती रोज वापरायची, तिला जवसाचं तेल चोळायचं, आणि वाळेपर्यंत उन्हात ठेवायची. एवढंही शिकवलं नाही याला?"

मृणालने रवळूला शब्दन् शब्द मराठीत सांगितला. पोरगी हुशार होती, पण सवय वाईट असते.

"आता कळला," रवळू म्हणाला.

समिती टेबलाभोवती बसली. सगळ्यांचं एकमत झालं की याला घरी पाठवा. फक्त आजींची सही राहिली होती. त्यांनी पेन उचललं, आणि त्यांच्या टाळूवर काहीतरी गार ओघळलं.

मागे रवळू उभा होता. हातात लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाची बाटली. गावी आईच्या डोक्याला चोळायचा तसं त्याने तळवा भरून तेल घेतलं आणि मनापासून चोळायला लागला. चोळून झाल्यावर त्याने शेवंतीने दिलेली घोंगडी आजींना गुंडाळली, आजींना खुर्चीसकट उचललं, आणि अंगणात बर्फात नेऊन ठेवलं. वर पाहिलं. आभाळ राखाडी होतं.

"ताई, हंय ऊन कधी पडता?"

"आता थेट मार्चमध्ये!" मृणाल रडवेली होऊन म्हणाली.

रवळूने आतून दुसरी खुर्ची आणली आणि आजींशेजारी बसला. "आजीक सांग, माका घाय नाय."

मृणालने तेही सांगितलं. आजी अशा हसायला लागल्या की खुर्ची बर्फात रुतली. म्हातारपणी त्यांना सगळे कोटाची बाही धरून चालवायचे. डोक्याला हात कुणी लावला नव्हता.

"तेल ओलं असताना कारागिराने वस्तू सोडून जायचं नसतं," त्या समितीला म्हणाल्या. "हा इथेच राहील, पूर्ण वर्ष. अवजारांच्या कागदावर मी वाळले की सही करीन."

रवळूने लगेच गावी फोन लावला.

"काय झाला?" शेवंतीने विचारलं. "अवजारां मेळतली मां?"

"मेळतली गो," रवळू म्हणाला. "आजी सुकल्यावर."