म्हैस म्हणते, हेट!

तानूकाकूच्या गोठ्यात एक पोपट आला. शहरातला. त्याला इंग्रजी येत होतं. एकच शब्द. हेट.

"आवडत नाही, असं म्हणू नका," पोपट म्हणाला. "हेट म्हणा. मान मिळतो."

झालं! सगळा गोठा शहाणा झाला.

इतक्यात मुंगी आली. तुरु तुरु, तुरु तुरु. तोंडात गुळाचा खडा. घरी बाळं उपाशी.

खडा खाली पडला. त्यावर म्हैस बसली. धप्प!

"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ ना!"

"उठणं? हेट! कुत्रा भुंकला तरच उठेन."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"कुत्रेदादा, कुत्रेदादा, भुंक ना! म्हैस उठेना, गूळ मिळेना, बाळं उपाशी."

"भुंकणं? हेट! मांजर फिस्कारलं तरच भुंकेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"मांजरबाई, मांजरबाई, फिस्कार ना! कुत्रा भुंकेना, म्हैस उठेना, गूळ मिळेना, बाळं उपाशी."

"फिस्कारणं? हेट! उंदीर पळाला तरच फिस्कारेन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"उंदीरमामा, उंदीरमामा, पळ ना! मांजर फिस्कारेना, कुत्रा भुंकेना, म्हैस उठेना, गूळ मिळेना, बाळं उपाशी."

"पळणं? हेट! काकूनं झाडू आपटला तरच पळेन."

तानूकाकू भाकरी थापत होती. थप थप, थप थप.

"काकू, काकू, झाडू आपट ना! उंदीर पळेना, मांजर फिस्कारेना, कुत्रा भुंकेना, म्हैस उठेना, गूळ मिळेना, बाळं उपाशी."

"का गं? काय झालं सगळ्यांना?"

"हेट म्हणतात."

"म्हणजे?"

"मुळीच आवडत नाही."

"अगं बाई! मोठी माणसं झाली की!"

रोज पहिली भाकरी म्हशीची असे. शेवटची कुत्र्याची. काकूनं भाकऱ्यांवर टोपली घातली. दूध झाकलं. मोठ्यानं म्हणाली, "उंदराला तुकडा हेट. मांजराला दूध हेट. कुत्र्याला भाकरी हेट. म्हशीला भाकरी हेट. बरं झालं. पीठ वाचलं!"

आणि झाडू आपटला. फाट्!

उंदीर पळाला. सुळ्‌कन!
मांजर फिस्कारलं. फिस्स!
कुत्रा भुंकला. भो भो!
म्हैस उठली. धडपड धडपड!
गूळ मिळाला.

"काकू, भाकरी आवडते गं आम्हाला!" सगळे ओरडले. मराठीत. काकूनं हसत टोपली उचलली.

म्हशीनं जीभ बाहेर काढली. "मुंगीताई, जरासा चाटू दे की."

"आधी माझी बाळं," मुंगी म्हणाली. "मग मी. मग मुंग्या. मग बघू."

तुरु तुरु, तुरु तुरु, मुंगी घरी गेली. बाळांनी गूळ खाल्ला. मुटु मुटु, मुटु मुटु.

इंग्रजी एकालाही आलं नाही. पोटं मात्र भरली.