खर्डेकर सरांची काचेची इमारत

जळगावात, ऐन मे महिन्यात, आम्हा आर्किटेक्टांचं 'जागेला साजेशी वास्तू' या विषयाचं प्रशिक्षण होतं. नामांकित खर्डेकर सर पडद्यावर स्वतःचीच इमारत दाखवत होते. चहूबाजूंनी काच आणि उघडणारी खिडकी एकही नाही.

"अहो, पेन चावणाऱ्या मॅडम, यात एक तरी दोष काढून दाखवा. नाहीतर प्रमाणपत्र विसरा."

मी दचकले. प्रमाणपत्राशिवाय माझी नोकरी कायम होणार नव्हती.

"दोष नाही सर, गुणच जरा जास्त झालाय," मी चाचरत म्हणाले. "क्लायंटला वाऱ्यावर सोडू नये म्हणतात ना, ते तुम्ही फारच मनावर घेतलंत."

हॉल हसला. सरही हसले, थोडे उशिरा. त्यांनी माझ्या प्रमाणपत्रावर सही केली आणि पुढच्या काचेच्या इमारती न दाखवताच चहा जाहीर केला.